न्यूएनचा बँड दिसेपर्यंत

धुळे, अमळनेर, शहादा अशा आपल्याच भागातून पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात. प्रश्न साधारण सारखाच असतो. "ताई, मोनोक्लोनल अँटिबॉडी मागवायची आहे, आमच्या कॉलेजात आधी कुणी वापरलेली नाही, जमेल का?" जमतं. (अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनाला नेमकं चिकटणारं प्रथिन, आणि मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या संततीने बनवलेली.) पण मोठ्या शहरातल्या संस्थेत शेजारच्या टेबलावर विचारून जे पाच मिनिटांत कळतं, ते इथे कळायला कधी कधी महिना जातो. ऑगस्ट 2023 ते जानेवारी 2025 या काळात मी रॅटच्या मेंदूत न्यूएन हे चेतापेशींच्या केंद्रकातलं प्रथिन अशा अँटिबॉडीने शोधायचं काम केलं. त्यातलं पुढच्या माणसाच्या कामी येईल ते क्रमाने लिहिते आहे.

आधी विषय कुठून आला ते सांगते. माझं गाव चोपडा तालुक्यात. घरी कपाशी आणि केळी. फवारणीच्या दिवसांत संध्याकाळी डोकं धरणं, मळमळणं, बोटं थरथरणं हे आमच्याकडे कुणाला नवीन नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर अडवतात, त्यामुळे तीव्र विषबाधा होते, हे पाठ्यपुस्तकात आहेच. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा होता. दवाखान्यात न्यावं लागणार नाही इतक्या कमी मात्रेत, पण बरेच दिवस हे औषध पोटात जात राहिलं, तर मेंदूतल्या चेतापेशींचं काय होतं? माझ्या मार्गदर्शक सरांनी क्लोरपायरिफॉस हे त्याच गटातलं कीटकनाशक आणि रॅटचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग, एवढंच क्षेत्र ठरवून दिलं. आता चेतापेशी मोजायच्या तर त्या आजूबाजूच्या ग्लियल पेशींपासून, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींपासून, वेगळ्या ओळखू यायला हव्यात. त्यासाठी न्यूएन.

न्यूएनची गोष्ट मला पहिल्यापासून आवडली. 1992 साली मलेन, बक आणि स्मिथ यांनी ही अँटिबॉडी प्रसिद्ध केली. माउसच्या मेंदूतून वेगळी काढलेली पेशीकेंद्रकं टोचून त्यांनी बऱ्याच अँटिबॉडी तयार केल्या. त्यांतल्या ए60 नावाच्या क्लोनची (एकाच पेशीपासून वाढलेल्या संततीची) अँटिबॉडी जवळजवळ सगळ्या प्रौढ चेतापेशींच्या केंद्रकाला चिकटायची आणि ग्लियल पेशींना सोडून द्यायची. ती नेमक्या कोणत्या प्रथिनाला चिकटते हे तेव्हा माहीत नव्हतं. ते 2009 साली कळलं. ते आरबीफॉक्स3 निघालं, म्हणजे आरएनएच्या जोडणीवर नियंत्रण ठेवणारं प्रथिन. मधली सतरा वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा ती अँटिबॉडी वापरत होत्या, आणि प्रथिनाची ओळख मात्र पटायची होती. कारण क्लोन एकच होता, आणि तो कुठेही नेला तरी त्याच जागी चिकटत होता.

मोनोक्लोनलचं बळ इथेच आहे. 1975 साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी अँटिबॉडी बनवणारी एक पेशी आणि कर्करोगाची न मरणारी पेशी यांचा संकर केला. त्यातून वाढणारी सगळी पेशीसंतती एकच अँटिबॉडी तयार करते. 1984 साली त्यांना येर्ने यांच्यासोबत नोबेल मिळालं. घरी दादाने विचारलं तेव्हा मी त्याला टिश्यू कल्चरच्या जी-नाइन केळीचं उदाहरण दिलं. एका मातृझाडापासून काढलेली सगळी रोपं सारखी, घड सारखे, कापणीही बरोबरीने. त्याला ते लगेच पटलं.

आता प्रक्रिया.

रॅटवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली सीसीएसईए ही केंद्रीय समिती आहे. पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, जुन्या कागदांवर तेच नाव सापडेल. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेची स्वतःची समिती असते आणि तिच्यावर केंद्रीय समितीने नेमलेले सदस्य असतात. रॅटसारख्या लहान प्राण्यांचे प्रस्ताव संस्थेच्याच पातळीवर मंजूर होतात. अर्ज फॉर्म बी मध्ये करायचा. मी तो ऑगस्ट 2023 मध्ये दिला. बैठक नोव्हेंबरमध्ये झाली, कारण बाहेरून येणाऱ्या सदस्यांच्या तारखा जुळाव्या लागतात आणि त्यांच्याशिवाय बैठक होऊ शकत नाही. पहिली सूचना म्हणूनच ही: पीएच.डी.ची नोंदणी झाली की फॉर्म बी लगेच भरायला घ्या. साहित्य-समीक्षेचं प्रकरण लिहून होईपर्यंत थांबू नका.

समितीत एक पशुवैद्य होते. माझ्या अर्जात वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून पडद्यावर अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) वेगळे आणि मेंदूचे काप रंगवण्यासाठी वेगळे असे रॅट मागितले होते. त्यांनी विचारलं, "मेंदूचे दोन अर्ध असतात ना? एक अर्ध गोठवा, दुसरं फॉर्मलिनमध्ये टाका. जनावरं निम्मी लागतील." मला ते मनापासून पटलं. फक्त त्याचा एक परिणाम होता. कापांसाठी एरवी भूल दिलेल्या प्राण्याच्या हृदयातून आधी सलाइन आणि मग फॉर्मलिनसारखं स्थिरीकरण द्रव सोडतात, त्यामुळे मेंदूतलं रक्त धुऊन निघतं. एक अर्ध गोठवायचं तर स्थिरीकरण द्रव सगळीकडे सोडता येत नाही. नुसतं सलाइन सोडायची पायरी आम्ही आराखड्यात घेतली नाही. म्हणजे ऊतीत रक्त राहणार होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती दोनदा येते.

दुरुस्त अर्ज डिसेंबरमध्ये दिला, मंजुरीचं पत्र जानेवारी 2024 मध्ये हातात आलं. त्यावरचा मंजुरी क्रमांक सगळीकडे लागतो. प्राणी नोंदणीकृत पैदास केंद्राकडून घेताना, प्रबंधात आणि शोधनिबंधात. पत्राची झेरॉक्स करून ठेवाच.

खरेदीची फाइल मी डिसेंबरमध्येच हलवली होती, मंजुरीची वाट न बघता. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची सही, मग ऑर्डर. इथे दोन गोष्टींनी खूप वेळ वाचतो. पहिली, मागणीपत्रात नुसतं "अँटी-न्यूएन अँटिबॉडी" असं लिहू नका. क्लोन ए60, माउसमध्ये तयार केलेली, आयजीजी1 (आयजीजी हा अँटिबॉडीचा एक प्रकार), रॅटच्या ऊतीवर तपासलेली, वेस्टर्न आणि पॅराफिन काप दोन्हींसाठी चालणारी, 100 मायक्रोलिटर, असं सगळं लिहा. नाहीतर सर्वांत कमी दराच्या कोटेशनात सशात तयार केलेली पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक पेशींच्या वेगवेगळ्या अँटिबॉडींचं मिश्रण, येते आणि नियमाप्रमाणे तीच घ्यावी लागते. दुसरी, लेखा विभागातल्या माणसाला जाऊन भेटा. आमच्या भाऊसाहेबांनी फाइल परत पाठवली होती आणि शेरा मारला होता, "प्रमाण तपासावे." 100 मायक्रोलिटरला 42 हजार रुपये हा आकडा त्यांना टायपिंगची चूक वाटला होता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी रिकामी नळी नेऊन दाखवली, त्यात पाण्याचे दोन-तीन थेंब टाकले आणि सांगितलं की एवढंच येणार आहे, आणि त्यातून साधारण वीस ब्लॉट होतील. हिशेब त्यांच्यासमोरच मांडला. हजारपट पातळ करायचं, एका ब्लॉटला 5 मिलिलिटर, म्हणजे 5 मायक्रोलिटर. त्यांनी सही केली. घरी मात्र माझी माय ऐकून म्हणाली, "इतलीशी बाटलीले इतला पैसा?" आणि बराच वेळ गप्प बसली. त्या वर्षी कपाशीला भाव नव्हता. ते पैसे अनुदानाचे होते, तरी प्रत्येक मायक्रोलिटर वापरताना मला तिचा चेहरा आठवायचा.

ऑर्डर फेब्रुवारीत गेली. पैसे 31 मार्चच्या आत खर्ची पडले पाहिजेत, नाहीतर परत जातात. माल परदेशातून, पोहोचायला सहा ते आठ आठवडे. म्हणजे मार्चअखेरच्या नियमामुळे आपल्याकडे थंडीत राहायची वस्तू बरोबर एप्रिलात येते, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. अनुदान सप्टेंबरात जमा होत असेल तर खरेदी दिवाळीपूर्वी उरका, हे माझं ठाम मत झालं आहे.

विक्रेत्याला मी लेखी कळवलं होतं की माल सोमवारी किंवा मंगळवारीच निघाला पाहिजे, म्हणजे शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात पडून राहणार नाही. खोक्यावर माझा आणि आमच्या प्रयोगशाळेच्या आप्पांचा, असे दोन मोबाइल नंबर टाकायला सांगितले. खोकं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी आलं. आप्पांनी गेटवरूनच ते सायकलीवर टाकून आणलं, सहीची वही नंतर, असं रखवालदाराला सांगून. थर्माकोल उघडला तेव्हा जेलच्या पिशव्या मऊ पडलेल्या होत्या, पण हाताला गार लागत होत्या. फोटो काढले, वेळ लिहिली, आणि त्याच दिवशी विक्रेत्याला मेल केला. तक्रार करायची नव्हती, पण पुढे अँटिबॉडी चालली नाही तर बदलून मागायला हा मेल लागतो, आणि त्याला मुदत असते.

नळी आली की सोबतचं माहितीपत्रक आधी वाचा. ग्लिसरॉलमध्ये असेल तर उणे 20 अंशाला ती गोठत नाही, तशीच ठेवता येते. नसेल तर 10-10 मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवा, म्हणजे तीच अँटिबॉडी वारंवार गोठून वितळणार नाही. आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजच्या फ्रीजरमध्ये ठेवू नका. त्याचं तापमान सतत वर-खाली होत राहतं. आमच्याकडचा खोल फ्रीजर जुना, हाताने बर्फ खरवडावा लागणारा होता. या कामाला तोच चांगला.

मे 2024 मध्ये पहिला वेस्टर्न ब्लॉट लावला. पद्धत कुठल्याही पुस्तकात मिळेल, म्हणून फक्त आपल्या उन्हाळ्यापुरतं सांगते. खोलीत 38-40 अंश असताना अ‍ॅक्रिलामाइडचं जेल फार लवकर आणि असमान घट्ट होतं. सगळी द्रावणं आधी फ्रीजमध्ये ठेवा आणि जेल पहाटे ओता. मी सकाळी सहाला जायचे. जेल चालवतानाही टाकीभोवती बर्फ ठेवा, नाहीतर बँड (प्रथिनांच्या आडव्या रेषा) दोन्ही कडांना वर वळतात. जेलमधून पीव्हीडीएफच्या पडद्यावर प्रथिनं उतरवायचं काम रात्रभर, 30 व्होल्टवर, फ्रीजमध्ये करा आणि पॉवरपॅक इन्व्हर्टरला जोडा. मे महिन्यात रात्री वीज जाणार हे धरूनच चालावं लागतं. पडदा वापरण्याआधी मिथेनॉलमध्ये भिजवायला विसरू नका. प्रथिनं उतरली का ते बघायला पॉन्सो-एस हा रंग लावा. पडदा गुलाबी पट्ट्यांनी भरून येतो, तेव्हा निम्मी काळजी मिटते. मग तो रंग धुऊन पाच टक्के दुधाच्या पावडरीने मोकळ्या जागा झाकायच्या, आणि आधी प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटिबॉडी, मग तिला चिकटून खूण देणारी दुसरी अँटिबॉडी लावायची.

अँटिबॉडी वाचवायची एक युक्ती आप्पांची. पडदा डब्यात ठेवला तर तो बुडायला 10 मिलिलिटर द्रावण लागतं. आप्पांनी ओळखीच्या फरसाणवाल्याकडून पिशव्या बंद करायचं हातमशीन आणलं. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पडदा, त्यात 2 मिलिलिटर द्रावण, हवेचे बुडबुडे काढून तोंड बंद, आणि रात्रभर 4 अंशाला हलत्या पाटावर. पातळ केलेली पहिली अँटिबॉडी 0.02 टक्के सोडियम अझाइड घालून 4 अंशाला ठेवली तर पुन्हाही वापरता येते. मात्र खुणेचा उजेड किंवा रंग निर्माण करणाऱ्या एचआरपी या विकराला अझाइड मारतं, त्यामुळे एचआरपी जोडलेल्या दुसऱ्या अँटिबॉडीत ते चुकूनही घालू नका. आणि ते विषारी आहे, हातमोजे घालूनच.

केमिल्युमिनेसन्सचा, म्हणजे त्या खुणेतून निघणाऱ्या उजेडाचा, फोटो घेणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. जवळच्या एका संस्थेत होतं, विभागप्रमुखांच्या पत्रावर विद्यार्थ्यांना तासाला 300 रुपयांत वापरू द्यायचे. पडदा बफरमध्ये बुडवून, बर्फाच्या डब्यात, एसटीने न्यायचा आणि चमकणारं द्रावण तिथे पोहोचल्यावरच घालायचं, कारण ते घातल्यावर उजेड हळूहळू ओसरतो.

माझ्या पडद्यावर मेंदूच्या रकान्यात (एका नमुन्याच्या उभ्या पट्ट्यात) 50 किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास ठसठशीत बँड आला. न्यूएन 46 ते 48 किलोडाल्टनला दोन जवळजवळ चिकटलेल्या रेषांसारखं दिसतं. म्हणजे जागा जवळपास तीच. यंत्र चालवणाऱ्या मुलाने "अभिनंदन मॅडम" म्हटलं. पण त्याच पडद्यावर मी यकृताचा रकाना ठेवला होता. यकृतात न्यूएन नसतं. आणि यकृतातही तेवढाच ठसठशीत बँड होता. पडद्याची एक पट्टी कापून तिला पहिली अँटिबॉडी न लावता फक्त दुसरी लावली होती. तिथेही तोच बँड. शिवाय 25 किलोडाल्टनला आणखी एक.

त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत मला फार एकटं वाटलं होतं. पण हिशेब स्पष्ट होता. पहिली अँटिबॉडी माउसची. तिला ओळखण्यासाठी दुसरी अँटिबॉडी बकरीची, माउसच्या आयजीजीला चिकटणारी. माउस आणि रॅट हे जवळचे नातलग आहेत, त्यांचं आयजीजी पुष्कळसं सारखं असतं. ऊतीत राहिलेल्या रक्तात रॅटचं आयजीजी होतंच. नमुन्यात घातलेल्या बीटा-मर्कॅप्टोइथेनॉलने त्याचे तुकडे होतात, जड साखळी 50 किलोडाल्टनची आणि हलकी 25 ची. दुसरी अँटिबॉडी या तुकड्यांना चिकटत होती. म्हणजे मला दिसत होतं ते न्यूएन नसून रक्त होतं. आणि न्यूएनचं वजन जड साखळीच्या इतकं जवळ, की यकृताचा रकाना नसता तर मी तो बँड न्यूएन म्हणून प्रबंधात लावला असता आणि कुणालाही शंका आली नसती.

हा लेख लिहायचं मुख्य कारण हेच. पहिल्या अँटिबॉडीवर आपण महिनोन्‌महिने विचार करतो आणि दुसरी जी कपाटात असेल ती वापरतो. माउसची अँटिबॉडी रॅटच्या ऊतीवर वापरत असाल तर दुसरी अँटिबॉडी रॅटच्या सीरमवर शोषून शुद्ध केलेली, म्हणजे रॅटच्या आयजीजीला चिकटणारा भाग काढून टाकलेली असायला हवी. कॅटलॉगमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं असतं. किंमत तेव्हा साधारण 14 हजार होती. आणि ज्या अवयवात ते प्रथिन नाही असा एक रकाना, आणि फक्त दुसरी अँटिबॉडी लावलेली एक पट्टी, या दोन गोष्टी प्रत्येक पडद्यावर हव्यातच. जागा वाया जाते म्हणून सोडू नका.

अनुदानाचं आर्थिक वर्ष संपलं होतं, नवा हप्ता यायचा होता. सरांनी पुण्यातल्या एका संस्थेतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. तिने तशी शोषून शुद्ध केलेली दुसरी अँटिबॉडी 20 मायक्रोलिटर द्यायचं कबूल केलं. मी सकाळी पोहोचून, घेऊन, रात्रीच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने थर्मासमध्ये बर्फ घालून परत आले. तिने पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाली, "चाललं की मला पडद्याचा पूर्ण फोटो पाठव." नव्याने काम करणाऱ्यांनी असं मागायला संकोच करू नये. द्यायला लोक तयार असतात, फक्त किती लागणार आणि कशासाठी हे नेमकं सांगावं.

जुलैच्या पहिल्या पावसात पुन्हा ब्लॉट लावला. यकृताचा रकाना कोरा. दुसरीच अँटिबॉडी लावलेली पट्टी कोरी. मेंदूच्या रकान्यात 46 ते 48 च्या जागी दोन बारीक रेषा, पहिल्या वेळेपेक्षा पुष्कळ फिकट. फिकट असूनही मला त्या जास्त मोलाच्या वाटल्या. केंद्रकातलं प्रथिन असल्यामुळे नुसत्या घोटण्याने ते पुरेसं बाहेर येत नव्हतं. पुढच्या नमुन्यांना थोडा वेळ सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पेशी फोडणं) दिल्यावर रेषा भरल्या. मग तोच पडदा जीएपीडीएच या जवळजवळ सगळ्या पेशींत असणाऱ्या प्रथिनासाठी तपासला. ते 37 किलोडाल्टनला येतं, न्यूएनच्या वाटेत येत नाही. रकान्यांत सारखं प्रथिन भरलंय की नाही ते त्यावरून कळतं.

मेंदूच्या दुसऱ्या अर्धांचं काम ऑगस्टमध्ये सुरू केलं. पॅराफिनचे ठोकळे आणि 5 मायक्रॉनचे काप जळगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये करून मिळाले, ठोकळ्यामागे 150 रुपये. काचपट्ट्या पॉली-एल-लायसिन लावलेल्या आपणच द्या, नाहीतर पुढच्या उकळीत काप सुटून जातात. फॉर्मलिनमुळे अँटिबॉडीची चिकटायची जागा झाकली जाते, ती उघडायला काप पीएच 6 च्या सायट्रेट बफरमध्ये तापवायचे. आम्ही त्यासाठी बाजारातून तीन लिटरचा कुकर आणला आणि त्यावर पेनने "जेवणासाठी नाही" असं लिहिलं. शिट्टी झाली की गॅस बारीक, दहा मिनिटं, मग झाकण उघडायची घाई न करता कुकर आपोआप गार होऊ द्यायचा.

रक्ताचा मुद्दा इथे दुसऱ्यांदा आला. तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन पेरॉक्सिडेजसारखं काम करतं आणि डीएबी या रसायनाचा तपकिरी रंग पेरॉक्सिडेजमुळेच उमटतो. त्यामुळे 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने ते आधी मारून घ्यावं लागतं. रक्त धुतलेलं नसेल तर ही पायरी पूर्ण वेळ द्या.

डीएबी घातल्यावर काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखालीच ठेवायची मला सवय लागली. पहिलं मिनिट काही होत नाही. मग हिप्पोकॅम्पसची वळलेली पट्टी आधी मळकट दिसते, आणि बघता बघता एकेक केंद्रक तपकिरी होत जातं, दाण्यांची ओळ भरावी तसं. पार्श्वभूमी रंगायला लागायच्या आत पाण्यात बुडवायची. डीएबी कर्करोगकारक असण्याचा धोका धरूनच वापरतात, त्यामुळे उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, घातक कचऱ्याच्या बाटलीत जमा करायचं.

प्रत्येक फेरीत मी अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) एक काप मुद्दाम ठेवायचे. न्यूएन बहुतेक चेतापेशींत असलं तरी काहींत दिसत नाही. अनुमस्तिष्कातल्या पर्किंजे पेशी, घ्राणकंदातल्या मायट्रल पेशी आणि दृष्टिपटलातल्या प्रकाशग्राही पेशी या अँटिबॉडीला दाद देत नाहीत. म्हणजे फेरी नीट झाली असेल तर अनुमस्तिष्कात कणपेशींचा थर गच्च तपकिरी, आणि त्याच्या काठाने उभ्या मोठ्या पर्किंजे पेशी हिमॅटॉक्सिलिन या पार्श्वरंगाने नुसत्या निळ्या. त्याही तपकिरी दिसल्या तर अँटिबॉडी जास्त झाली किंवा काहीतरी नको तिथे चिकटतंय. एकाच कापात "आहे" आणि "नाही" या दोन्हींची साक्ष मिळते. याहून चांगला नियंत्रक (तुलनेचा नमुना) मला विकत मिळाला नसता. पातळ करण्याचं प्रमाण मी यावरूनच ठरवलं. माहितीपत्रकात 1:100 होतं, माझ्या ऊतीवर 1:300 ला पर्किंजे पेशी स्वच्छ राहिल्या आणि कणपेशीही गडद आल्या. अँटिबॉडीही तिपटीने वाचली.

दिवाळीनंतर मोजणी. गटांची नावं झाकून मोजायचं म्हणून आप्पांनी काचपट्ट्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून क्रमांक दिले आणि यादी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद ठेवली. सरांनाही दिली नाही. निकालाचे आकडे प्रबंधात येतील, ते इथे देत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण विषबाधेवर काम करणाऱ्या सगळ्यांना ती लागते. न्यूएनची खूण कमी झाली म्हणजे चेतापेशी मेल्या असं थेट लिहिता येत नाही. रक्तपुरवठा तुटलेल्या मेंदूवरच्या कामात असं दिसलेलं आहे की पेशी जागेवर असते, पण ही अँटिबॉडी तिला ओळखेनाशी होते. म्हणून आम्ही शेजारचेच काप क्रेसिल व्हायोलेटने रंगवून पेशी वेगळ्या मोजल्या. हा रंग स्वस्त आहे, अँटिबॉडी लागत नाही, आणि दोन्ही मोजण्या एकमेकींना तपासतात. हे काम डिसेंबर आणि जानेवारी 2025 मध्ये झालं.

सगळा खर्च जोडला तर पहिली अँटिबॉडी 42 हजार, पुढच्या हप्त्यातून घेतलेली दुसरी 14 हजार, पडदे, चमकणारं द्रावण, वजनाची खूण दाखवणारी शिडी आणि डीएबी मिळून आणखी साधारण 50 हजार. प्राण्यांचा आणि प्रवासाचा खर्च वेगळा. अनुदानाचा अर्ज लिहिताना बहुतेक जण फक्त पहिल्या अँटिबॉडीची किंमत धरतात आणि मग बाकीच्यासाठी अडतात. किमान अडीचपट धरा.

वहीत काय लिहायचं तेही आधीच ठरवा: क्लोन, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, आरआरआयडी हा अँटिबॉडीचा जागतिक ओळख क्रमांक, पातळ करण्याचं प्रमाण, किती वेळ आणि किती अंशाला. आणि पडद्यांचे न कापलेले पूर्ण फोटो जपून ठेवा. शोधनिबंध पाठवल्यावर परीक्षकांनी आमच्याकडे तेच मागितले. यकृताचा रकाना आणि कोरी पट्टी असलेला जुलैचा पूर्ण पडदा पाठवला, आणि मेचा पहिला पडदाही सोबत जोडला, कारण दुसरी अँटिबॉडी का बदलली ते त्यावरूनच समजतं. त्या मुद्द्यावर पुढे प्रश्न आला नाही. पुण्याच्या ताईंनाही दोन्ही फोटो पाठवले.

न्यूएनच्या 10 मायक्रोलिटरच्या काही नळ्या आमच्या फ्रीजरमध्ये अजून आहेत. खानदेशातल्या कुणाला पूर्ण नळी मागवण्याआधी आपल्या ऊतीवर एकदा तपासून बघायचं असेल, तर आपल्या मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र आमच्या विभागाच्या नावे द्या. सरांची तशी परवानगी आहे. येताना बर्फाचा थर्मास आणा.